सरकारी तिजोरीतील विद्यार्थ्याचा वाटा
(बाबासाहेबांच्या जीवनातील एक धागा)

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या वसतिगृहातील सर्वांत लहान विद्यार्थ्यालाही ठाऊक आहे. महाडचे चवदार तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, संविधान, दीक्षाभूमी हे टप्पे तो एका दमात सांगतो. त्यामुळे या स्मरणिकेसाठी बाबासाहेबांच्या जीवनावर लेख लिहावा असा संस्थेचा निरोप आला, तेव्हा आम्ही थोडे थबकलो. जे सर्वांना मुखोद्गत आहे ते पुन्हा कशासाठी सांगावे, असे वाटले. मग दरवर्षी निकालानंतर विद्यालयाच्या व्हरांड्यात येऊन उभे राहणारे पालक डोळ्यांपुढे आले. कोणी मेहकरकडचे, कोणी लोणारचे, कोणी मोताळ्याचे, कोणी देऊळगाव राजाचे. हातात मुलाचे किंवा मुलीचे गुणपत्रक असते, चेहऱ्यावर समाधान असते आणि तोंडी एकच प्रश्न असतो. पुढच्या शिक्षणाला किती पैसे लागतील, आणि त्यांतले सरकार किती देईल?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही आजवर अर्ज, दाखले आणि मुदतीच्या तारखा यांच्या भाषेत देत आलो. परंतु हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी परळच्या एका चाळीतील खोलीत रामजी सुभेदारांच्या मनात होता. त्यांच्या पुत्राने तो आयुष्यभर विसरू दिला नाही. स्वतःला नाही आणि सरकारलाही नाही. बाबासाहेबांच्या जीवनातील हा एकच धागा उलगडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पलटणीची शाळा आणि बहिणीचे दागिने

आंबेडकर घराण्यात अक्षर आले ते पलटणीच्या शाळेतून. सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय त्या काळच्या लष्करात सरकारी खर्चाने होत असे. रामजी सुभेदार तिथेच शिकले आणि पुढे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला, तेव्हा गावगाड्यात ज्यांना पाटीला हात लावण्याची मुभा नव्हती त्या समाजातील हे एक घर पुस्तकांचे घर झालेले होते. सरकारने एक दार उघडल्यावर एका पिढीत काय घडू शकते, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल. पुढे काही वर्षांतच महार सैनिकांची भरती बंद करण्यात आली आणि ते दार मिटले. दार उघडणे आणि मिटणे या दोन्ही गोष्टी सरकारच्या हाती असतात, हा धडा बाबासाहेबांना घरातूनच मिळाला.

सुभेदारांच्या निवृत्तिवेतनात मोठ्या कुटुंबाचा संसार चालत असे. मुंबईत मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकू लागला आणि त्याची पुस्तकांची भूक वाढत गेली. हातात पैसे नसले की सुभेदार आपल्या विवाहित कन्येकडे जात आणि तिचे दागिने उसने आणून ते सावकाराकडे गहाण ठेवून मुलाला पुस्तके घेऊन देत. निवृत्तिवेतन हाती आले की दागिने सोडवून परत करीत. चरित्रकारांनी नोंदवलेला हा प्रसंग वर्गात शिकवताना आमचा आवाज नेहमी जड होतो, कारण आमच्या स्वतःच्या घरात असा प्रसंग घडलेला आहे. त्याबद्दल पुढे लिहू.

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. त्या काळी अस्पृश्य समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही एवढी मोठी घटना होती, की त्यांच्या गौरवासाठी सभा भरली. सी. के. बोले तिचे अध्यक्ष होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्या सभेत स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. परंतु केवळ सत्काराने महाविद्यालयाची फी भरली जात नाही. सुभेदारांची ऐपत संपत आली, तेव्हा केळुसकर गुरुजींनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या पंचवीस रुपयांवर बाबासाहेब १९१२ साली मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले.

करारनाम्यावरची सही

वडिलांचे निधन २ फेब्रुवारी १९१३ रोजी झाले. त्याच वर्षी बडोदा सरकारने काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवण्याचे ठरवले आणि बाबासाहेबांची निवड झाली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. जूनमध्ये त्यांनी करारनाम्यावर सही केली. ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करावयाची, अशा अटी होत्या. ज्या समाजाच्या माणसाला गावच्या पाणवठ्यावर उभे राहता येत नव्हते, त्या समाजाचा बावीस वर्षांचा तरुण राज्याच्या पैशाने समुद्रापार शिकायला निघाला.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी त्या पैशाचा एक दिवसही वाया जाऊ दिला नाही. पोटाला चिमटा घेऊन ते ग्रंथ खरेदी करीत आणि उरलेल्यातून रमाईंना घरखर्चासाठी पाठवीत. १९१५ साली ते एम.ए. झाले. त्यानंतर त्यांनी जो विषय हाती घेतला त्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. तो विषय होता सरकारच्या तिजोरीचा. ब्रिटिश हिंदुस्थानात केंद्र सरकार आणि प्रांत यांच्यामध्ये महसुलाची वाटणी कशी झाली, कोणत्या करातून पैसा येतो आणि तो कशावर खर्च होतो, याचा त्यांनी मुळापासून अभ्यास केला. हा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा तो त्यांनी आपल्या शिक्षणाला साहाय्य करणाऱ्या सयाजीराव महाराजांना कृतज्ञतेने अर्पण केला. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याने सरकार पैसा कुठून आणते आणि कुठे घालवते हेच शोधून काढावे, यातील औचित्य पुढील घटनांवरून लक्षात येईल.

१९१६ साली ते लंडनला गेले. ग्रेज इनमध्ये कायद्याचा आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास सुरू झाला. तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. महायुद्धाचा काळ होता. त्यांचे सामान आणि ग्रंथ ज्या जहाजात होते ते समुद्रात बुडवले गेले. त्या बुडालेल्या सामानाच्या भरपाईचे जे पैसे मिळाले, त्यांतूनच त्यांनी बडोद्याला जाण्याचा खर्च भागवला. करार पाळायचा होता, म्हणून ते गेले. तिथे काय झाले ते आपण सर्व जाणतो. शिपाई त्यांच्या टेबलावर दुरून कागद फेकीत, पिण्याचे पाणी मिळेना, राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमातून त्यांना बाहेर काढण्यात आले. ज्या राज्याने त्यांना ज्ञान दिले, त्या राज्याच्या राजधानीत त्यांना डोक्यावर छप्पर मिळाले नाही.

सयाजीरावांच्या औदार्याबद्दल बाबासाहेबांच्या मनातील कृतज्ञता अखेरपर्यंत कायम होती आणि आपणही ती बाळगली पाहिजे. परंतु इतिहासाचा अभ्यासक म्हणून आम्हाला इथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. एका भल्या राजाची मर्जी, एका गुरुजींची ओळख आणि तीन वर्षांची मुदत अशा तीन नाजूक दोऱ्यांवर एका अलौकिक बुद्धीचे शिक्षण टांगलेले होते. राजा भला नसता तर? केळुसकर गुरुजी भेटले नसते तर? मुदत संपल्यावर तर दोरा तुटलाच. अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी त्यांना सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवावा लागला, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य घ्यावे लागले, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घ्यावे लागले. १९२० च्या जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि अर्धपोटी राहून १९२३ पर्यंत त्यांनी डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी पूर्ण केली. बाबासाहेब हे करू शकले. पण प्रत्येक वस्तीत एक बाबासाहेब जन्मतो असे नाही. सामान्य बुद्धीच्या, सामान्य घरच्या मुलालाही शिकता यावे अशी व्यवस्था हवी असेल, तर ती कोणाच्या मर्जीवर चालणार नाही. ती कायद्यात आणि अंदाजपत्रकात लिहिलेली असली पाहिजे. त्यांच्या पुढील सर्व कार्यामागे आम्हाला हाच विचार दिसतो.

चौदा आण्यांचा हिशेब

१९२७ साली बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात नियुक्त सभासद म्हणून बसले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यातील दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. १९ आणि २० मार्चला महाडची परिषद भरली आणि चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. ही घटना सर्वांना माहीत आहे. तिच्या आठच दिवस आधी, १२ मार्चला, त्यांनी कायदेमंडळात शिक्षणखात्याच्या अनुदानावर भाषण केले. त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

तिजोरीचा हा अभ्यासक त्या दिवशी हिशेब घेऊनच उभा राहिला होता. सरकार शिक्षणावर दर माणशी केवळ चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या उत्पन्नातून मात्र दर माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिले. लोकांकडून जेवढे अबकारी उत्पन्न घेतले जाते निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करावे, अशी त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा मुले चौथीपर्यंत पोहोचतात आणि बाकीची पुन्हा निरक्षर होतात, हेही त्यांनी सांगितले.

त्यानंतर ते उच्च शिक्षणाकडे वळले. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के, हायस्कुलांच्या खर्चापैकी सुमारे ३१ टक्के आणि माध्यमिक शाळांच्या खर्चापैकी सुमारे २६ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल होते, असे त्यांनी दाखवले आणि हा शिक्षणाचा व्यापार असल्याचे स्पष्टपणे बजावले. शिक्षणखाते हे देवघेवीच्या तत्त्वावर चालवण्याचे खाते नव्हे. शिक्षण शक्य त्या सर्व मार्गांनी आणि शक्य तितके स्वस्त केले पाहिजे, कारण खालच्या थरातील लोक आता कुठे शाळेच्या पायरीशी आले आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोन लाख लोकसंख्येमागे महाविद्यालयात शिकणारे पुढारलेल्या हिंदू जातींचे एक हजार, मुसलमानांचे ५२, मध्यम जातींचे १४ आणि मागास वर्गाचे जवळजवळ शून्य, ही त्यांनी सभागृहात मांडलेली तुलना आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवतो. शून्य लिहिल्यावर वर्गात शांतता पसरते.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आले. तेव्हा विद्यापीठाच्या कारभारात मागास वर्गांना प्रतिनिधित्व मिळावे यासाठी त्यांनी आग्रह धरला. आम्ही एक वेळ ऐहिक सुखांवर पाणी सोडू, पण सर्वोच्च शिक्षणाचा पुरेपूर लाभ घेण्याचा हक्क सोडणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. आमच्या समाजाला केवळ चौथी-सातवीपर्यंत शिकवून गप्प बसवू पाहणाऱ्यांना हे उत्तर होते. समाजाचे खरे संरक्षण पदवीधरांच्या आणि त्याहून वरच्या शिक्षणानेच होईल, असा त्यांचा विश्वास होता.

मागणी करून ते थांबले नाहीत. १९२५ च्या आरंभी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सोलापूरला वसतिगृह निघाले. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी पाच वसतिगृहांच्या योजनेला वार्षिक नऊ हजार रुपयांच्या अनुदानासह मंजुरी दिली आणि देखरेख बाबासाहेबांकडे आली. अनुदान पुरेना, म्हणून त्यांनी ठिकठिकाणी देणग्यांसाठी हात पसरले. आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहाची धान्याची कोठी ज्यांनी महिनाअखेरीस पाहिली आहे, त्यांना ही ओढाताण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पुढे स्टार्ट समितीचे सभासद म्हणून १९३० च्या अहवालात त्यांनी शिष्यवृत्त्या वाढवाव्यात, वसतिगृहे काढावीत, कारखान्यांत उमेदवारीची सोय करावी आणि अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी परदेशी शिष्यवृत्ती द्यावी, अशा शिफारशी करण्यात भाग घेतला.

त्या काळच्या आपल्या जिल्ह्याकडेही पाहू. बुलडाणा तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होता. १९२३ साली अमरावतीला किंग एडवर्ड महाविद्यालय निघाले, त्याच वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी महाविद्यालयात शिकायचे तर वऱ्हाडातील मुलाला नागपूर, मुंबई किंवा पुणे गाठावे लागे. १९३२ साली डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन करून शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वाट मोकळी केली. तरीही मेहकरच्या किंवा सिंदखेडराजाच्या महारवाड्यातील मुलासमोर रेल्वेचे तिकीट, खोलीचे भाडे आणि खाणावळीचा खर्च उभाच होता. महाविद्यालय उघडले म्हणजे ते सर्वांना उघडले असे होत नाही, हे आमच्या आजोबांच्या पिढीने अनुभवले आहे.

तीन लाखांची शिष्यवृत्ती

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आजवर जे सरकारकडे मागत होते, ते आता सरकारात बसले. तीन-चार महिन्यांच्या आतच, ऑक्टोबरअखेरीस, त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना सादर केले. त्यातील शिक्षणाचा भाग आजही प्रत्येक पालकाने समजून घ्यावा असा आहे. केवळ कला आणि कायदा या शाखांच्या पदव्यांनी आपल्या मुलांचे भागणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे. परंतु ते एवढे महाग आहे की सरकारच्या मदतीशिवाय ते त्यांच्या आवाक्यात येणार नाही, असे त्यांनी मांडले. देशातील विद्यापीठांत आणि तंत्रशिक्षण संस्थांत शिकणाऱ्यांसाठी दरवर्षी दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपये अशी त्यांची मागणी होती.

सरकारने ती मान्य केली. १९४४-४५ पासून पाच वर्षांसाठी दरवर्षी तीन लाख रुपये मंजूर झाले. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची जी शिष्यवृत्ती आज आपण भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणून ओळखतो, तिचे मूळ इथे आहे. स्वातंत्र्यानंतर ती बंद पडली नाही. १९४८-४९ पासून आदिवासी विद्यार्थ्यांना आणि १९४९-५० पासून इतर मागास विद्यार्थ्यांनाही ती मिळू लागली. एका समाजासाठी लढून मिळवलेली गोष्ट पुढे देशातील इतर वंचितांच्याही उपयोगी पडली, हे बाबासाहेबांच्या लढ्याचे वैशिष्ट्यच होते.

साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीत आणि या शिष्यवृत्तीत मूलभूत फरक आहे. पहिली एका राजाने निवडलेल्या विद्यार्थ्याला दिलेली होती. दुसरी सार्वजनिक तिजोरीतून, नियमाने, ओळख नसलेल्या मुलालाही मिळावी अशी होती. तिच्यासाठी केळुसकर गुरुजी भेटण्याची गरज उरली नाही.

सरकारवर सारा भार टाकून बाबासाहेब स्वस्थ बसले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे, म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. १९५० च्या जूनमध्ये त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसवण्यात आली. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागाला नागपूरपेक्षा औरंगाबाद जवळचे. नागसेनवनाच्या त्या परिसराची ओढ आपल्याकडील जुन्या पिढीच्या बोलण्यातून आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

अंदाजपत्रकावरील पहिला हक्क

संविधान तयार होत असताना, १९४७ मध्ये, बाबासाहेबांनी राज्ये आणि अल्पसंख्याक या नावाने प्रसिद्ध असलेले निवेदन तयार केले. अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणाची आर्थिक जबाबदारी केंद्र आणि राज्य सरकारांनी घ्यावी, अंदाजपत्रकात तिची पुरेशी तरतूद करावी आणि ही तरतूद शिक्षणाच्या अंदाजपत्रकावरील पहिला भार समजावी, असे त्यात लिहिले होते. पहिला भार या शब्दांचे वजन समजून घ्यावे. बाकीचे खर्च भागून काही उरले तर गरिबाच्या मुलाला द्यावे, असे त्यांनी म्हटले नाही. आधी त्याचा वाटा बाजूला काढावा आणि मग उरलेल्याचे काय ते करावे, असे त्यांचे म्हणणे होते.

ते जसेच्या तसे संविधानात आले नाही. परंतु दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती व जमातींचे, शैक्षणिक हितसंबंध जपण्याचे कर्तव्य अनुच्छेद ४६ ने राज्यावर टाकले. १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रास सरकारचा महाविद्यालयीन प्रवेशातील राखीव जागांचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये चौथे कलम घालण्यात आले आणि मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा सरकारचा अधिकार पक्का झाला. आज वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत आपली जी मुलेमुली आहेत, त्यांच्या पायाखाली हे कलम आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. बाबासाहेबांमागोमाग बौद्ध झालेल्या आपल्या समाजासमोर लगेच एक पेच उभा राहिला. धर्म बदलला म्हणून अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती गेल्या. मातीच्या घरांत आणि मजुरीत मात्र काहीच बदलले नव्हते. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राने त्या देण्यासाठी १९९० साल उजाडले. आमच्या महाविद्यालयीन दिवसांत हा निर्णय झाला. त्या संध्याकाळी आमच्या गावच्या विहारात पेटलेल्या मेणबत्त्या आजही आठवतात.

आणि आता आमच्या घरची गोष्ट. आम्ही इतिहासात एम.ए. केले ते भारत सरकार शिष्यवृत्तीवर. परंतु एके वर्षी शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही आणि परीक्षेची फी भरायची तारीख जवळ आली. आमच्या आईने कानांतील फुले काढून गहाण ठेवली. शिष्यवृत्तीचा धनादेश आला तो परीक्षेचा निकाल लागून गेल्यावर. आई निरक्षर होती. रामजी सुभेदारांची गोष्ट तिने कधी वाचली नव्हती. तरी तिने तेच केले. त्या दिवशी आम्हाला कळले की हक्क कागदावर असणे आणि तो वेळेवर हाती पडणे यांमध्ये जे अंतर असते, ते भरून काढायला शेवटी आईचे कानच पुढे होतात.

ते अंतर अजून मिटलेले नाही. योजना वाढल्या आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. परदेशी शिक्षणासाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी बाबासाहेबांच्याच नावाची स्वाधार योजना आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्कही माफ झाले आहे. परंतु दुसरीकडे खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क लाखांच्या घरात गेले आहे, शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, आणि सोयाबीनच्या भावावर किंवा वीटभट्टीच्या उचलीवर जगणारे घर तोवर थांबू शकत नाही. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी फीच्या टक्केवारीबद्दल विचारलेला प्रश्न आज पुन्हा विचारावा लागेल, अशी ही स्थिती आहे.

तो विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, कारण ही शिष्यवृत्ती भीक नव्हे. काडेपेटी विकत घेणारा मजूरही तिजोरीत कर भरतो. तिजोरीचा अभ्यास केलेल्या माणसानेच आपल्याला हे शिकवले आहे. म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे, की उत्पन्नाचा दाखला, जातवैधता आणि महाडीबीटीचा अर्ज यांसाठी खेटे घालावे लागले तर ओशाळून जाऊ नका. आपण कोणाच्या उपकाराची याचना करीत नसतो.

माजी विद्यार्थ्यांना मात्र आणखी एक गोष्ट सांगायची आहे. १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांनी समाजाकडे पाठ फिरवल्याचे दुःख बोलून दाखवले होते. बडोद्याच्या करारात परतफेडीची दहा वर्षे लिहिलेली होती. आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात अशी कोणतीही अट नव्हती. पण अट लिहिलेली नाही म्हणून ऋण नाही, असे होत नाही. तुमच्यापैकी कोणी तलाठी आहे, कोणी अभियंता, कोणी परिचारिका, कोणी बँकेत. निकालानंतरच्या दिवसांत एक दिवस काढून या व्हरांड्यात येऊन बसा. एका मुलीचा अर्ज भरून द्या, एका बापाला कोणता दाखला कुठे मिळतो ते सांगा, शिष्यवृत्ती येईपर्यंत एका घरची फी उसनी द्या. एखाद्या आईच्या कानांतील फुले यंदा कानांतच राहिली, तर या स्मरणिकेचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

जय भीम! नमो बुद्धाय!